आडव्या-उभ्या शब्दांत सापडलेला मुलूख

दिव्याकडून पनवेल, आपटा असे टप्पे घेत रेल्वे १९८६ मध्ये रोह्याला पोचली. पेणहून रोह्याला किंवा रोह्याहून पनवेलच्या बाजूला रोज जा-ये करणाऱ्यांना तिने बसून वाचायला वेळ दिला. एसटीच्या हेलकाव्यांत अक्षरे हलायची. गाडीत मात्र पेपरची चौकोनी घडी गुडघ्यावर ठेवून शब्दकोडे सोडवता यायचे. कासू, नागोठणे, निडी मागे पडेपर्यंत एका पेपरावर तिघा-चौघांची डोकी चालत. या चार दशकांकडे वळून पाहताना मला वाटते, की त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीने आम्हाला जगाची ओळख तुकड्यातुकड्यांनी करून दिली. आणि ज्यांनी त्या तुकड्यांचा माग काढला, त्यांना पेण आणि रोहा हे आपलेच दोन तालुके नव्याने भेटले.

या खेळाचा जन्म वर्तमानपत्रातलाच. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन या पत्रकाराने ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या २१ डिसेंबर १९१३ च्या रविवार पुरवणीत हिऱ्याच्या आकाराचे पहिले कोडे छापले. १९२४ मध्ये कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि अमेरिकेला त्याचे वेडच लागले. लंडनच्या ‘द टाइम्स’ने १९३० मध्ये कोड्याला जागा दिली, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मात्र १९४२ पर्यंत वाट पाहिली.

आपल्या मुंबई राज्यात कोड्यांचा एक निराळाच बाजार उभा राहिला होता. प्रवेश फी भरायची, कूपन पाठवायचे आणि मोठ्या बक्षिसाची वाट बघायची. त्यातल्या कित्येक सूत्रांना दोन-दोन उत्तरे सारखीच शोभत. योजकाने पाकिटात बंद केलेले उत्तर आपल्या उत्तराशी जुळले तर बक्षीस, नाही तर पैसे गेले. मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्याने या स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणला. बंगळुरूहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’मधल्या कोड्यांवरून त्यांचे योजक चमारबागवाला यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केंद्राने १९५५ मध्ये स्वतंत्र कायदा करून महिन्याची बक्षिसे एक हजार रुपयांवर आणि प्रवेशिका दोन हजारांवर रोखल्या. एप्रिल १९५७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की जुगार हा व्यापार ठरत नाही, त्यामुळे व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मिळणार नाही. ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, तिला मात्र हा १९५५ चा कायदा लागू होत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

कौशल्य आणि नशीब यांच्यातली ही रेषा मला फार मोलाची वाटते. आम्ही गाडीत सोडवत होतो ते कोडे त्या रेषेच्या अलीकडचे होते. त्याला फी नव्हती, त्यातून पैसा मिळत नव्हता, आणि उत्तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात सगळ्यांसमोर येत होते.

मराठी कोडे रचणाऱ्याचे कष्ट सोडवणाऱ्याला सहसा दिसत नाहीत. इंग्रजी कोड्यात घराघरांत सव्वीसांपैकी एक अक्षर बसते. आपल्याकडे एका घरात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वारासकट पूर्ण अक्षर येते. ‘गागोदे’ आणि ‘गीताई’ दोन्ही ‘ग’ने सुरू होतात, पण ‘गा’ आणि ‘गी’ एका घरात नांदू शकत नाहीत. आडव्या शब्दातले ‘ता’ उभ्या शब्दातही ‘ता’च असावे लागते. जोडाक्षर आले की अडचण आणखी वाढते. त्यामुळे रचणारा लहान, सुटसुटीत, स्वरांनी मोकळ्या शब्दांच्या शोधात राहतो, आणि ते त्याला पुराणांत आणि जुन्या कोशांत हमखास मिळतात.

म्हणून सुरुवातीची बरीच वर्षे आमचे शिक्षण रामायण-महाभारतातच चालले होते. अर्जुनाचे धनुष्य गांडीव हे सगळ्यांना ठाऊक होते, पण त्याचा शंख देवदत्त, भीमाचा पौंड्र आणि नकुलाचा सुघोष, हे कोड्याने शिकवले. दुर्योधनाची बहीण दुःशला आणि शत्रुघ्नाची पत्नी श्रुतकीर्ती या कथांच्या कडेला उभ्या असलेल्या स्त्रिया आम्हाला कोड्यातच पहिल्यांदा भेटल्या. पाण्याला नीर, तोय, सलिल, उदक, अंबू. कमळाला सरोज, नलिनी, राजीव. अमरकोश पाठ केलेली पिढी सरत आली होती. तिचे धन थोडे थोडे का होईना, या चौकटीतून आमच्यापर्यंत पोचत राहिले.

पुढे सूत्रे बदलली. नट-नट्या, क्रिकेटपटू, देशांच्या राजधान्या, शास्त्रज्ञ आले. कवींची टोपणनावे तर फार आवडती: गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. या बदलाने घरात एक चांगली गोष्ट घडली. कोडे कोणा एकाचे राहिले नाही. ‘अर्धा शेर मावेल असे माप’ म्हटले की आजी चटकन मापटे सांगायची, आणि पाठोपाठ चिपटे, अधोली, चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी असा हिशेब उलगडायची. भाताच्या या मुलखात ती मापे तिने हाताळलेली होती. नातवाला ती नावे नवीन, पण गोलंदाजाचे नाव आजीला नवीन. एकाचे अडले की दुसऱ्याच्या उत्तरातले अक्षर मदतीला यायचे. वय आणि शिक्षण यांची उतरंड तेवढ्यापुरती बाजूला राहायची, आणि ज्याला ठाऊक त्याने सांगायचे एवढाच नियम उरायचा.

कोडे माहिती देते ती तुटक. तीन-चार घरांत नाव बसले की काम झाले. त्या नावाच्या मागे जायचे की नाही, हे सोडवणाऱ्याने ठरवायचे. ‘फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा पुरस्कार’ असे सूत्र आले, की चार घरांत मॅगसेसे लिहून पुढे जाता येते. पण थोडे थांबले तर? रॅमन मॅगसेसे १९५७ मध्ये विमान अपघातात गेले. १९५८ पासून त्यांच्या नावे पुरस्कार सुरू झाला, आणि त्या पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत होते पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेले विनोबा भावे. लगेच पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, तो मान मिळाला रोह्याच्या देशमुख घराण्यातल्या चिंतामणरावांना. आणि १९९६ मध्ये तो मिळाला १९२० साली रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांना.

शेजारशेजारच्या दोन तालुक्यांची ही तीन माणसे. या तिघांची नावे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होती, पण सुटी सुटी. त्यांना एका ओळीत बसवले ते एका परदेशी नावाच्या चार घरांनी.

चिंतामणरावांचे नाव कोड्यात येते ते बहुधा ‘रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर’ म्हणून. ते पद त्यांनी १९४३ मध्ये स्वीकारले. पुढे देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला. पण त्या नावाचा माग घेणाऱ्याला कळते, की याच माणसाने कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले आणि अमरकोशावरही काम केले. आमच्या कोड्यांना शब्द पुरवणारा तो कोश रोह्याच्या या अर्थतज्ज्ञाचाही सोबती होता, हे वाचले त्या दिवशी झालेला आनंद माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

असा माग काढायला तेव्हा वाचनालय गाठावे लागे. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा चरित्रकोश, महादेवशास्त्री जोशी यांच्या संस्कृतिकोशाचे दहा खंड, दाते-कर्व्यांचा शब्दकोश आणि मराठी विश्वकोश ही आमची आधाराची ठिकाणे. एक नाव शोधायला खंड उघडावा आणि शेजारच्या चार नोंदी वाचून उठावे, असे नेहमी व्हायचे. आता मोबाइलमध्ये उत्तर क्षणात मिळते. गाडीतल्या घडीच्या पेपरांची जागाही त्याने घेतली आहे. मला मोबाइलची तक्रार करायची नाही. विश्वकोशही आता त्याच पडद्यावर उघडतो, आणि पूर्वी वाचनालयापर्यंत न पोचणाऱ्या मुलीलाही तो मिळतो. एवढेच सांगावेसे वाटते, की रिकामे घर भरण्यासाठी मोबाइल काढू नये. आधी आठवावे, शेजारच्याला विचारावे, अडलेले अक्षर दुसऱ्या शब्दातून मिळवावे, आणि उत्तर आल्यावर त्याच्याविषयी वाचण्यासाठी मोबाइल काढावा. विचार करून मिळवलेली गोष्ट टिकते, नुसती पाहिलेली संध्याकाळपर्यंत पुसली जाते.

या मागोव्यातून पुढचे एक काम मला स्पष्ट दिसते. मोठ्या दैनिकांचे कोडे साऱ्या महाराष्ट्रासाठी असते, त्यात आपल्या खाडीकाठचे शब्द येणे अवघड. भरतीचे खारे पाणी अडवणारा बाहेरकाठा, ओहोटीला शेतातले पाणी सोडणारी उघाडी, खाजण, मिठागर. पेणची भोगावती, रोह्याची कुंडलिका, तिच्या खोऱ्यावर नजर ठेवणारा अवचितगड. कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते स्टेशन. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे असलेले नाव कुलाबा. हे सारे चौकटीत चपखल बसणारे शब्द आहेत. पेण-रोह्याच्या शाळांनी महिन्याला एक कोडे फळ्यावर मांडावे. सूत्रे मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून तयार करावीत, आणि उत्तराबरोबर प्रत्येकाने त्या शब्दाविषयी चार ओळी लिहून आणाव्यात. उघाडी कशी चालते, हे सांगू शकणारी माणसे अजून गावागावांत आहेत. त्यांना विचारायचे दिवस हेच आहेत, आणि विचारायला निमित्त म्हणून तीन रिकामी घरे पुरेशी आहेत.