बीबोची बखर

सुपरहिरो म्हणजे चड्डी बाहेरून घालणारा माणूस, ही गोष्ट १९६६ च्या ‘बॅटमॅन’ मालिकेने कधी लपवली नाही. अ‍ॅडम वेस्ट गंभीर चेहऱ्याने वेडेपणा करायचा आणि ठोसा बसला की पडद्यावर रंगीत अक्षरं उमटायची. पुढे या मंडळींना आपल्या पोरकटपणाची लाज वाटू लागली. २०१२ मध्ये ‘अ‍ॅरो’ आली ती अंधार आणि अपराधगंड घेऊनच. तिच्यातून निघालेली ‘द फ्लॅश’ (२०१४) सुरुवातीला हसरी होती. तिसऱ्या पर्वात तिचंही तोंड उतरलं. खलनायक सॅविटार हा भविष्यातला खुद्द नायकच निघाला, मग हसणार कोण? चौथ्या पर्वात शरीर रबरासारखं ताणणारा राल्फ डिब्नी आला, तेव्हा कुठे जरा हायसं वाटलं.

हरवलेली गंमत परत मिळवावी ती मात्र ‘लेजंड्स ऑफ टुमारो’नेच. जानेवारी २०१६ मध्ये सुरू झालेलं तिचं पहिलं पर्व कंटाळवाणं होतं, हे तिच्या भक्तांनीही मान्य करावं. अमर जुलमी वँडल सॅव्हेज, बायको-मुलाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला रिप हंटर आणि जन्मोजन्मी भेटून जन्मोजन्मी मरणारं पंखवालं जोडपं. हाताशी कालयान असून सगळे सुतकात!

दुसऱ्या पर्वात पंखवाले गेले, रिप बाजूला झाला आणि कप्तानपद सारा लान्सकडे आलं. याच पर्वातल्या एका भागात जॉर्ज लुकसने सिनेमाचं शिक्षण सोडल्याबरोबर टोळीतला शास्त्रज्ञ रे आपलं विज्ञान विसरतो आणि इतिहासकार नेट आपला इतिहास, कारण दोघांनाही ते वेड लागलं होतं लुकसच्या सिनेमांमुळे. गंमत अशी की या विनोदाला तर्क आहे.

पण खरी कमाल तिसऱ्या पर्वात, डिसेंबर २०१७ च्या भागात. बीबो नावाचं निळं, केसाळ, बोलणारं खेळणं काळाच्या गोंधळात व्हायकिंगांच्या हाती पडतं आणि ते त्याला देव मानून पुजायला लागतात. खेळणं आणलेलं असतं तरुण मार्टिन स्टाइनने, आपल्या लेकीसाठी. टोळीतला म्हातारा स्टाइन नुकताच गेलेला; आणि त्याला मुलासारखा असलेला जॅक्स या तरुण स्टाइनसमोर उभा. मरणाची खबर याला द्यायची की नाही? इकडे बीबोचा जयजयकार चाललाय, तिकडे जॅक्सचा जीव तुटतोय, आणि लेखकांनी एकासाठी दुसऱ्याला दडपलेलं नाही. ‘अ‍ॅरो’च्या अख्ख्या अंधारात मला इतकं गलबलून आलं नव्हतं. पर्वाच्या शेवटी मॅलस या राक्षसाशी लढायला हाच बीबो डोंगराएवढा होऊन उभा राहतो. कथेत हे बसतं कसं, हे सांगणं कठीण. पाहताना बसतं एवढं खरं.

चौथ्या पर्वात तर जेन ऑस्टिनच्या इंग्लंडात चक्क आपला कामदेव अवतरतो आणि बॉलिवुडी थाटाचं गाणं होतं. नाच यथातथाच, पण हौस दांडगी.

नंतर मात्र हौसेचीच सवय झाली. पात्रं येत-जात राहिली, थट्टा ठरावीक होऊ लागली. सातव्या पर्वात काही भाग निव्वळ मस्ती म्हणून उरतात. मार्च २०२२ मध्ये शेवटचा भाग आला, त्यात सगळी टोळी अटकेत. पुढच्याच महिन्यात मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं, आणि त्यांना सोडवायला लेखक परत आलेच नाहीत. नव्याने बघायला घेणाऱ्याने थेट दुसऱ्या पर्वापासून सुरुवात करावी. वँडल सॅव्हेजवाचून कुणाचं काही अडत नाही.