एक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते? आधी मोबाईल काढा, मग पाकीट

गेल्या पावसाळ्यात खंबाटकी घाट चढताना आमची जुनी पेट्रोल गाडी अचानक थरथरायला लागली. सपाट रस्त्यावर ठीक चालायची, पण चढावर पाय दाबला की हिसके. गॅरेजवाल्याने ऐकूनच निदान केलं, "फ्युएल पंप गेलाय." पंप बदलला, बिल भरलं, आणि पुढच्याच चढावर तेच हिसके! खरा दोष पंपात नव्हताच. तो नंतर मोबाईलवर दहा मिनिटांत सापडला. कसा, तेच आज बघूया.

थरथर कुठली, ते आधी ओळखा

फक्त गाडी उठवताना, हाफ क्लचवर थरथर होते आणि नंतर सगळं शांत? मग संशय क्लचवर. ठरावीक वेगाला थरथरते आणि पाय काढला तरी थांबत नाही? बहुतेक व्हील बॅलन्सिंग. पाय दाबला की थरथर, सोडला की बंद, इंजिनचा आवाज मात्र एकसारखा? मग ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट किंवा इंजिन माउंटिंग तपासायला सांगा. या बिघाडांत सहसा डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, त्यामुळे मोबाईलचा इथे फारसा उपयोग नाही.

पण हिसक्यांसोबत इंजिन अडखळत असेल, पिकअप पडला असेल आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल, तर तो मिसफायर असण्याची शक्यता जास्त. म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटतच नाही. मग हे चढावरच का होतं? पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा-पेट्रोल भरतं आणि दाब वाढतो. जितका दाब जास्त, तितकी ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल किंवा झिजलेला स्पार्क प्लग सपाटीवर कसाबसा निभावून नेतो, घाटात मात्र उघडा पडतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर गाडी दामटवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तो प्रचंड तापतो आणि आतून वितळूही शकतो. तो बदलण्याचा खर्च प्लग-कॉइलच्या कितीतरी पट. पाय हलका करा, सुरक्षित जागी थांबा, गरज पडली तर टो करून न्या.

मोबाईलचं काम

२०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचा ओबीडी पोर्ट असतो. त्यात बसणारा ईएलएम३२७ प्रकारचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. तो लावा, इग्निशन ऑन करा, फोनशी पेअर करा (पिन बहुधा १२३४ किंवा ००००) आणि 'कार स्कॅनर' किंवा 'टॉर्क'सारखं अ‍ॅप उघडा. आयफोनवाल्यांनी वाय-फाय किंवा ब्लूटूथ एलई असलेलाच स्कॅनर घ्यावा, साधा ब्लूटूथवाला चालत नाही. अ‍ॅप कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागत असेल, तर सरळ नाही म्हणा. गाडीच्या बिघाडाचा तुमच्या मावशीच्या नंबरशी काय संबंध?

मिसफायरचे कोड पी०३०० पासून सुरू होतात. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०३ म्हणजे तिसरा. नुसता पी०३०० म्हणजे ठरावीक एकाच सिलिंडरला दोष देता येत नाही. मग हवेची गळती, पेट्रोलचा दाब असं सगळ्यांना सामाईक काहीतरी शोधायचं. कोड पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, गॅरेजमध्ये उपयोगी पडतो.

माझ्या फोनवर पी०३०३ आला. आता खरी गंमत. पार्ट विकत न घेता चाचणी करता येते. इंजिन पूर्ण थंड, चावी बंद. तिसऱ्या सिलिंडरवरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची तिसऱ्यावर. (प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तरच हे जमतं. सवय नसेल तर मेकॅनिककडून आपल्यासमोर करून घ्या.) कोड पुसला आणि चढावर फेरी मारली. नवा कोड, पी०३०२! बिघाड कॉइलसोबत सरकला, म्हणजे दोषी कॉइलच. कोड तिसऱ्यावरच राहिला असता, तर तशीच अदलाबदल प्लगची केली असती. तरीही कोड जागचा हलला नसता, तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासणी, आणि ते काम गॅरेजचंच.

डिझेल गाडीत स्पार्क प्लग आणि कॉइल नसतात, तिथे डिझेल फिल्टर आणि इंजेक्टरपासून सुरुवात करा. तपासणी झाली की स्कॅनर पोर्टमधून काढून ठेवा, गाडी दिवसेंदिवस उभी राहिली तर तो बॅटरी खात बसतो.

आणि हो, कॉइल काढल्यावर तिच्या रबरी टोकाकडे नीट बघा. माझ्या कॉइलला तेल लागलेलं होतं. म्हणजे वरच्या कव्हरचे सील गळत होते आणि तेल प्लगच्या खळग्यात उतरत होतं. सील न बदलता नुसती नवी कॉइल टाकली असती, तर तीही लवकरच गेली असती.