जुन्या ओम्नीचा बेल्ट ओरडतोय? आधी पाणी मारून बघा
डिलिव्हरीसाठी जुनी ओम्नी घेतलीत ना? मग सकाळी स्टार्टला येणारी ती ‘चीऽऽ’ कानाआड करू नका. तोच बेल्ट अल्टरनेटरबरोबर वॉटर पंपही फिरवतो. तुटला की इंजिन तापलंच. मी दोन महिने नुसता स्प्रे मारत बसलो. शेवटी हेड गॅस्केट गेलं, आठवडाभर धंदा बंद!

इंजिन चालू ठेवून लांबून बेल्टवर थोडं पाणी उडवा (हात, ओढणी लांब). आवाज वाढला तर बेल्ट सैल. क्षणभर थांबला तर पुली एका रेषेत आहेत का बघा. सैल असेल तर इंजिन बंद करून अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करा, ताण द्या, परत आवळा. फार ताणलात तर बेअरिंग जातं. बेल्टच्या कडा चकाकताहेत, चिरल्यात? सरळ नवीन घाला.