थडग्यापाशी न थांबलेली गोष्ट

अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८२० साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, एक विलक्षण पुस्तक स्वतःच्या हातांनी तयार केलं. बायबलच्या नव्या कराराच्या इंग्रजी, फ्रेंच, लॅटिन आणि ग्रीक प्रती समोर घ्यायच्या, धारदार पात्यानं हवा तेवढा मजकूर कापायचा आणि चारही भाषांतली कात्रणं कोऱ्या पानांवर शेजारीशेजारी चिकटवायची, असं ते काम होतं. येशूचे दाखले, डोंगरावरचं प्रवचन, दीनदुबळ्यांविषयीची त्याची कळकळ हे सारं त्यांनी जपलं. चमत्कार मात्र वगळले. त्यामुळे हे पुस्तक येशूच्या दफनापाशी संपतं. थडग्याच्या तोंडाशी मोठी धोंड लोटली जाते आणि माणसं निघून जातात. पुढे काही नाही.

जेफरसन यांना येशूविषयी खराखुरा आदर होता. त्याची नीतिशिकवण त्यांना जगात सर्वांत उदात्त वाटे. आपल्याकडे महात्मा गांधींचीही भूमिका याच्या जवळची होती. १९३१ च्या नाताळात, गोलमेज परिषदेहून परतताना बोटीवर बोलताना त्यांनी सांगितलं होतं, की येशू नावाचा माणूस कधी होऊनच गेला नाही असं उद्या सिद्ध झालं, तरी डोंगरावरचं प्रवचन आपल्यासाठी खरंच राहील. येशूकडे प्रेमानं पाहणाऱ्या कितीतरी लोकांना हे म्हणणं आजही पटतं. चांगली शिकवण कुणी दिली याला फारसं महत्त्व नसतं, असं आपण सहज म्हणतो.

ख्रिस्ती धर्माचा पहिला मोठा लेखक मात्र हे मान्य करणार नाही. त्याच्या लेखी त्या थडग्यापाशी गोष्ट संपली असेल, तर डोंगरावरच्या प्रवचनासह सगळंच संपलं.

या लेखकाचं नाव पौल. इ.स. ५४ च्या सुमारास तो इफिस शहरात होता आणि एजियन समुद्रापलीकडच्या करिंथमधल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहीत होता. करिंथ म्हणजे दोन बंदरांचं, पैशाचं, धावपळीचं शहर. रोमनांनी उद्ध्वस्त केलेलं हे शहर ज्युलियस सीझरनं इ.स.पू. ४४ मध्ये पुन्हा वसवलं आणि तिथं मुक्त झालेले गुलाम, व्यापारी, कारागीर गोळा झाले. तिथल्या मंडळीतले काही जण म्हणू लागले होते, की मेलेली माणसं काही उठत नाहीत. यात नवल नव्हतं. आत्मा अमर आणि देह नाशवंत, देह सुटला की आत्मा मोकळा, असंच ग्रीक संस्कारातला माणूस समजत आला होता. सुटलेला देह परत कुणाला हवा होता?

पौलानं त्यांचं म्हणणं गुळमुळीतपणे टाळलं नाही. तो ते थेट शेवटापर्यंत ओढत नेतो. मेलेले उठत नसतील, तर ख्रिस्तही उठलेला नाही. तो उठलेला नसेल, तर आमचा उपदेश पोकळ, तुमचा विश्वास पोकळ. आम्ही देवाविषयी खोटी साक्ष देणारे ठरतो. पापांची क्षमा झालेली नाही आणि जे मेले ते कायमचे गेले. मग सगळ्या माणसांत आमच्याइतकं कीव करण्याजोगं कुणी नाही. धर्मग्रंथात सहसा असं लिहिलेलं आढळत नाही. स्वतःची श्रद्धा कोणत्या एका गोष्टीनं कोसळेल, हे श्रद्धावान माणूस आपणहून दाखवून देतो आहे. आणि ती गोष्ट म्हणजे तत्त्व नाही, ध्यान नाही, आचारधर्म नाही. ती यरुशलेमात, एका ठरावीक रविवारी घडलेली किंवा न घडलेली घटना आहे.

हा युक्तिवाद सुरू करण्याआधी पौल एक यादी देतो. ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. मग तो पेत्र या शिष्याला दिसला, बारा शिष्यांना दिसला, एकाच वेळी पाचशेहून अधिक जणांना दिसला, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. नंतर येशूचा भाऊ याकोब याला, मग सर्व प्रेषितांना आणि सर्वांत शेवटी खुद्द पौलाला, जो तोवर या मंडळीचा छळ करत होता. हे आपल्याला इतरांकडून मिळालं आणि तसंच आपण पुढे दिलं, असं तो स्पष्ट लिहितो. ही यादी वधस्तंभानंतरच्या अगदी पहिल्या काही वर्षांतच तोंडपाठ होऊन फिरू लागली असावी, असं पुष्कळ अभ्यासकांचं मत आहे.

येशूला ज्या रीतीनं मारलं गेलं, ती लक्षात घेतल्याशिवाय या दाव्याचं वजन कळत नाही. त्याला मृत्युदंड देणारा पंतय पिलात हा इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा रोमन सुभेदार होता. त्याच्या नावाचा शिलालेख १९६१ मध्ये कैसरियात सापडला. वधस्तंभाची शिक्षा प्रामुख्यानं गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी असे. रस्त्यालगत, सर्वांदेखत, नागव्यानं, तासन् तास. १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेला एका थडग्यात पहिल्या शतकातल्या एका माणसाच्या अस्थी मिळाल्या. त्याच्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच रुतलेला होता. यहुदी धर्मशास्त्रात तर लाकडावर टांगलेला माणूस देवाच्या शापाखाली आहे असं म्हटलेलं. म्हणजे रोमच्या दृष्टीनं येशू हा निकालात निघालेला बंडखोर होता आणि धर्मशास्त्राच्या दृष्टीनं शापित.

त्या काळात मसीहा, म्हणजे यहुद्यांना अपेक्षित असलेला तारणारा, असल्याचा, किंवा देवानं पाठवल्याचा, दावा करणारे इतरही झाले. साधारण इ.स. ४५ मध्ये थ्यूदास नावाच्या माणसानं यार्देन नदी दुभंगून दाखवतो म्हणत लोक गोळा केले. रोमनांनी त्याचा शिरच्छेद केला आणि चळवळ विरली. १३२ ते १३५ या काळातला बार कोखबा त्याहून कितीतरी मोठा. त्यानं रोमविरुद्ध युद्ध पुकारलं, स्वतःची नाणी पाडली. रब्बी अकिवासारख्या थोर विद्वानानं त्याला मसीहा मानलं होतं. तो मारला गेल्यावर मात्र तोच मसीहा होता असं कुणी म्हणत राहिलं नाही. मारला गेलेला मसीहा म्हणजे खोटा ठरलेला मसीहा, हा सरळ हिशेब होता. येशूच्या शिष्यांनीही तोच हिशेब करायला हवा होता, आणि शुभवर्तमानं, म्हणजे नव्या करारातली येशूची चार चरित्रं, सांगतात त्याप्रमाणे दोन दिवस त्यांनी तो केलाही. ते पांगले, दारं लावून बसले.

पुनरुत्थानामुळे हा हिशेब उलटा झाला, असं ख्रिस्ती श्रद्धा मानते. माणसांच्या न्यायासनानं दोषी ठरवलेल्याला देवानं उठवून निर्दोष ठरवलं. मग त्याचं मरण ही शिक्षा उरत नाही, ते इतरांसाठी दिलेलं अर्पण ठरतं. क्षमा, तारण, नवा करार हे ख्रिस्ती धर्मातले सगळे मोठे शब्द या एका उलथापालथीवर उभे आहेत. रविवारची सकाळ काढून घेतली, तर शुक्रवारी फक्त एका भल्या माणसाचा खून झाला एवढंच हाती राहतं.

मराठी वाचकाला इथं एक फरक जाणून घ्यायला हवा, कारण आपल्या मनात मरणानंतरची चित्रं वेगळी आहेत. आत्मा एक देह टाकून दुसरा घेतो, किंवा देव युगायुगांत अवतार धारण करतो, या कल्पना आपल्या ओळखीच्या. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोल इथं छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त येशूची कथा ओवीबद्ध मराठीत सांगितली, तेव्हा त्यांचा श्रोताही पुराणांवर वाढलेला होता. पण या कथेतला येशू दुसऱ्या देहात जन्म घेत नाही. तोच देह उठतो, हातांवर खिळ्यांचे व्रण घेऊन. तो शिष्यांसमोर भाजलेली मासळी खातो. तरीही अम्माऊसच्या वाटेवर सोबत चालणारे दोघे त्याला बराच वेळ ओळखत नाहीत. तो तोच आहे आणि तरी बदललेला आहे. येशूनंच उठवलेला लाजर पुढे केव्हातरी पुन्हा मरणार होता. येशू पुन्हा मरणार नाही, असं इथं सांगायचं आहे.

यहुदी धर्मातही ही गोष्ट ठरलेल्या चौकटीत बसत नव्हती. मृतांचं पुनरुत्थान परूशी पंथाचे लोक मानत, सदूकी पंथाचे मानत नसत. पण मानणाऱ्यांच्या मते ते जगाच्या अखेरीस, सर्वांचं एकदम व्हायचं होतं. इतिहास चालू असताना मध्येच एकटा कुणी उठेल, ही अपेक्षा कुणाचीच नव्हती. पौल त्यासाठी शेतातली उपमा वापरतो. पीक कापणीला आलं की पहिली पेंढी देवाला वाहायची. ती पेंढी पुढे येणाऱ्या सगळ्या पिकाची खूण असते. ख्रिस्त ही पहिली पेंढी आणि बाकीचं शेत म्हणजे आपण सर्व. म्हणून ईस्टर हा पुनरुत्थानाचा सण एकट्या येशूच्या विजयाचा दिवस राहत नाही. मेलेल्या प्रत्येक आप्ताचं पुढे काय होणार, हा प्रश्न त्या सकाळीशी जोडला जातो.

साक्षीदारांची अडचण सुरुवातीपासून होती. चारही शुभवर्तमानांत रिकामं थडगं सर्वप्रथम पाहतात त्या स्त्रिया, आणि चारांतही मग्दालीया मरिया आहे. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो, की स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये. दुसऱ्या शतकात केल्सस या ग्रीक टीकाकारानं नेमकं इथंच बोट ठेवलं आणि एका भ्रमिष्ट बाईच्या सांगण्यावर हा धर्म उभा आहे अशी हेटाळणी केली. ज्याला कथा रचायचीच आहे तो असे साक्षीदार निवडणार नाही, हा ख्रिस्ती अभ्यासकांचा युक्तिवाद वजनदार वाटतो. चार वृत्तान्तांत तपशिलाचे फरकही आहेत. बायका किती होत्या, देवदूत एक की दोन, शिष्यांना येशू कुठं दिसला, हे जुळत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत तर बायका घाबरून पळून जातात आणि कुणाला काही सांगत नाहीत, इथंच मजकूर थांबतो. प्रत्यक्ष उठण्याच्या क्षणाचं वर्णन चौघांपैकी कुणीही केलेलं नाही.

इतिहासकार इथं कुठवर जाऊ शकतो? ई. पी. सँडर्स या नामवंत अभ्यासकाचं उत्तर संयमी आहे. शिष्यांना उठलेल्या येशूचे अनुभव आले हे तो वस्तुस्थिती मानतो, त्या अनुभवांमागे काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही असं म्हणतो. पिंखास लापिदे यांचं उदाहरण याहून वेगळं. हे सनातनी यहुदी विद्वान. १९७७ मध्ये त्यांनी जर्मन भाषेत पुस्तक लिहून येशूचं पुनरुत्थान ही खरी घटना असल्याचं मान्य केलं आणि तरीही ते यहुदीच राहिले, येशूला इस्राएलचा मसीहा त्यांनी मानलं नाही. घटना मानणं आणि तिच्यावर आयुष्य टाकणं यांतलं अंतर त्यांच्याइतकं स्पष्ट क्वचितच कुणी दाखवलं असेल.

श्रद्धावंतांनी आयुष्य टाकलं, त्याचा पुरावा फ्रान्समधल्या लिऑन शहरातून येतो. इ.स. १७७ मध्ये तिथल्या ख्रिस्ती लोकांना, त्यांत ब्लांदिना ही गुलाम स्त्रीही होती, हालहाल करून मारण्यात आलं. मारणारे एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी प्रेतं जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. या लोकांची पुन्हा उठण्याची आशाच नाहीशी करायची होती. छळ करणाऱ्यांनाही एवढं नीट कळलं होतं, की या माणसांचं धैर्य देहाविषयीच्या एका विश्वासातून येतं.

तो विश्वास दफनाच्या रिवाजात उतरला आणि टिकला. कॅथलिक चर्चनं दहनाला परवानगी दिली ती थेट १९६३ मध्ये. राखेतूनही देव उठवू शकतो, हे त्यामागचं कारण. मात्र २०१६ मध्ये व्हॅटिकननं बजावलं, की राख वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडू नये, घरात ठेवू नये, पवित्र जागीच जतन करावी. वसई-मुंबईच्या दफनभूमींत दर २ नोव्हेंबरला कबरी साफ करून फुलं वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात. त्यामागेही ही माणसं कायमची गेलेली नाहीत असाच भाव असतो.

बाहेरच्या जगाला नाताळ मोठा सण वाटतो. प्रत्यक्षात २५ डिसेंबरच्या नाताळाची रोममधली नोंद ३३६ सालची आहे. ईस्टर त्याहून कितीतरी जुना, आणि ईस्टरहूनही जुनी आहे आठवड्याच्या पहिल्या दिवशी एकत्र जमण्याची रीत. पहिले ख्रिस्ती बहुतेक यहुदी होते. शनिवारचा शब्बाथ त्यांच्या रक्तात होता. तरी ते दुसऱ्या दिवशीही जमू लागले, रविवार हा त्या काळी सुट्टीचा दिवस नसतानाही. सम्राट कॉन्स्टंटाइननं रविवारच्या विश्रांतीचा कायदा केला तो ३२१ मध्ये. तोवर जवळजवळ तीनशे वर्षं लोक कामाच्या दिवशी, बहुधा पहाटे किंवा रात्री, वेळ काढून येत राहिले.

त्या जमण्यात काय होई, याची पहिली खूण करिंथकरांच्या त्याच पत्रात आहे. मूळ पत्रात अध्याय पाडलेले नव्हते, ते तेराव्या शतकातले. त्यामुळे पौलाची वाक्यं सलग वाचावी लागतात. मरणावरच्या विजयाचं उत्कट वर्णन संपतं, तुमचे कष्ट वाया जाणार नाहीत असा दिलासा येतो, आणि लगेच पुढे पैशांची गोष्ट निघते. यरुशलेमातल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करायची आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या कमाईच्या मानानं काही बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर धावाधाव नको. तुम्ही पसंत केलेली माणसं ती रक्कम घेऊन जातील, गरज पडली तर मीही सोबत जाईन.

साधारण १५५ साली रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं सम्राटाला उद्देशून आपल्या धर्माची बाजू लिहिली, तेव्हा ही रीत रुळलेली दिसते. रविवारी शहरातले आणि खेड्यापाड्यांतले सगळे एका ठिकाणी येतात, ग्रंथवाचन होतं, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो, आणि जे हजर राहू शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक वाटा पोचवतात. रविवारच का, याची त्यानं दोन कारणं दिली आहेत. देवानं जग घडवायला सुरुवात केली तो हा दिवस, आणि येशू मेलेल्यांतून उठला तोही हाच. ज्यांची ऐपत आहे ते स्वखुशीनं देतात आणि जमा झालेला पैसा मंडळीच्या प्रमुखाकडे राहतो. त्यातून तो अनाथांना, विधवांना, आजाऱ्यांना, तुरुंगात पडलेल्यांना आणि गावात आलेल्या परक्यांना लागेल ते पुरवतो.