वाळलेली पानं जाळू नका, वांग्या-टोमॅटोला द्या

फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात रस्तोरस्ती पानांचे ढीग दिसतात आणि कुठेतरी धूरही. गच्चीवर भाजी लावणाऱ्यांसाठी हे फुकटचं आच्छादन आहे! अदिती देवधर यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘ब्राऊन लीफ’मुळे पुण्यात पानं नको असलेल्यांची पोती हवी असलेल्यांकडे जाऊ लागली. फार मोलाचं काम.

पानं चुरून घ्या. अख्खी बदामाची पानं एकमेकांवर चिकटून बसतात, खाली पाणीच उतरत नाही. रोप वीतभर झालं की आधी माती भिजवा, मग दोन-तीन इंचांचा थर द्या. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी, नाहीतर खोड कुजतं. उजेड न मिळाल्यानं तणाचं बी बहुतेक रुजत नाही. लव्हाळा मात्र थर फोडून वर येतोच. तो आधीच गाठींसकट उपटायला हवा.

टोमॅटोला तर दुहेरी फायदा. पाणी घालताना मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडत नाहीत, त्यामुळे करपाही कमी पसरतो. एप्रिलच्या उन्हात थर बाजूला सारून बोट घाला, माती गार आणि ओलसर लागेल. महिन्या-दोन महिन्यांनी तिथेच गांडुळंही दिसू लागतात.

पानं मातीत कालवू नका, कुजताना ती नत्र ओढून घेतात. वरच राहू द्या. पावसाळ्यात थर पातळ करा, गोगलगायींना दाट थर फार आवडतो.