मोटारीवाचून मुंबई

मुंबई पाहावयास निघालेला आपल्याकडील मनुष्य बहुधा दोन दिवसांचा बेत करतो. टॅक्सी ठरवायची, गेटवे, राणीची बाग, चौपाटी उरकायची आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूर गाठायचे! एवढ्याने मुंबई डोळ्यांखालून जाते, ओळखीची होत नाही. गेल्या उन्हाळ्यात मी लालबागला मावशीच्या चाळीत महिनाभर राहिलो. मोटार कुणाजवळच नव्हती. तिच्यावाचून अडले मात्र काहीच नाही, आणि याचे कारण मुंबईच्या घडणीतच आहे.

मूळची सात बेटे भर घालून जोडली गेली आणि दक्षिणोत्तर लांब, पूर्वपश्चिम अरुंद अशी भूमी तयार झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी आगगाडी धावली. पुढे शहर रुळांच्या कडेकडेने उत्तरेस वाढत गेले. म्हणून उभे अंतर लोकलने आणि आडवे अंतर बसने किंवा पायी, हा तेथील साधा हिशेब. बस १९२६ सालापासून आहे. २०२५ पासून भुयारी मेट्रोही थेट कफ परेडपर्यंत जाते.

गिरणगावात तर पायच बरे. कामगाराला भोंग्याच्या वेळी हजर राहावे लागे, म्हणून चाळी गिरण्यांच्या आसपासच उभ्या राहिल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. पण चाळ, बाजार आणि स्टेशन यांतील अंतरे अजून चालण्याजोगीच आहेत. लालबागहून मी भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयापर्यंत चालत जाई. १८७२ साली खुले झालेले हे संग्रहालय राणीच्या बागेलगतच आहे.

नवख्याने दोनतीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लोकलचा मासिक पास काढला की ठरल्या दोन स्टेशनांमध्ये कुठेही उतरता येते. सकाळी गर्दी दक्षिणेकडे लोटते, संध्याकाळी उत्तरेकडे. आपल्याला घाई नाही, तेव्हा अकरानंतर निघावे व पाचच्या आत परतावे. जलद गाडी सर्व स्टेशनांवर थांबत नाही, हे चढण्यापूर्वी पाहावे. आणि एका दिवशी एकच भाग पाहावा. फोर्टात हिंडताना १८७८ सालचा राजाबाई टॉवर व १८३३ सालचा टाउन हॉल एकाच फेरीत होतात. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर घटकाभर टेकायला पैसे पडत नाहीत!

मित्रहो, शिक्षण संपल्यावर आपल्यापैकी कितीतरी जणांना नोकरीसाठी मोठे शहर गाठावे लागेल. ते शहर पैसेवाल्यांचे, गाडीवाल्यांचे, तेथे आपला निभाव कसा लागणार, ही धास्ती मनात असते. माझी ती महिनाभरात बरीच कमी झाली. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंत चालत येणारी माणसे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. चालण्याचे आपल्याला काय नवल? सुट्टीत संधी मिळाली, तर नोकरीच्या घाईआधीच एखादे शहर असे सावकाश पाहून यावे. पुढे कामाला गेल्यावर तेथले रस्ते परके वाटणार नाहीत.