फादर स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणाची मूळ लिपी

अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदातीरीच्या पैठणापर्यंतच्या मुलखात पोथ्या शोधीत हिंडणाऱ्या संग्राहकास रोमी अक्षरांत लिहिलेले एखादे बाड दाखविले, तर तो ते न उलगडताच बाजूस सारील. मराठी ओवीचा एक फार मोठा ग्रंथ मात्र आपल्या हाती आला तो अशाच बाडांतून. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ त, एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून तिचा पाठ शुद्ध केला. त्याच सुमारास गोमंतकात साष्टी प्रांती एक इंग्रज पाद्री त्याच ओवीचे पाठ गिरवीत होता. त्याच्या ख्रिस्तपुराणाचा पाठ मात्र अजून एका प्रश्नापाशी अडलेला आहे. ग्रंथकाराने तो कोणत्या लिपीत व कोणत्या शब्दांत सिद्ध केला, हा तो प्रश्न होय.

ग्रंथकाराचे चरित्र कामापुरते सांगतो. थॉमस स्टीफन्स याचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. स्वदेशी कॅथलिक मतावर संकट असल्यामुळे तो रोमेस गेला व इ. स. १५७५ त जेझुइट संघात शिरला. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून त्याच वर्षीच्या २४ ऑक्टोबरला तो गोव्यास उतरला. तेथून त्याने पित्यास धाडलेले प्रवासपत्र पुढे इंग्लंडात छापून निघाले. त्याहून आम्हांस महत्त्वाचे वाटते ते इ. स. १५८३ चे भावास लिहिलेले पत्र. इकडील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे, हे त्याने त्यात नमूद केले आहे. विल्यम जोन्सचे प्रसिद्ध व्याख्यान झाले ते १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनंतर.

त्याचे आयुष्य बहुतेक साष्टीत गेले, व तेथेच तो आपल्या संघाच्या विद्यालयाचा प्रमुखही होता. हा काळ सौम्य नव्हता, हे लपविण्याचे कारण नाही. इ. स. १५६७ त साष्टीतील देवालये पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती, व १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती कुटुंबांस ऐकावयास काहीच उरले नाही. पुराणाच्या आरंभीच एक ब्राह्मण पाद्रीगुरूस विचारतो की, जुनी पुराणे आपण वारिली, तर त्यांच्या जागी दुसरे का देत नाही? या पृच्छेचे उत्तर म्हणून पहिले व दुसरे अशा दोन भागांत, सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ उभा राहिला. ख्रिस्तकथेआधी मराठी भाषेची स्तुती येते. मोगरा, कस्तुरी, मयूर हे त्या स्तुतीतील दृष्टान्त तर एखाद्या पैठणकराच्या तोंडीही शोभतील.

ग्रंथ इ. स. १६१६ त रायतूर येथे छापला. १६४९ व १६५४ साली तो पुन्हा निघाला. या तिन्ही आवृत्तींची एकही प्रत आजवर उजेडात आलेली नाही. छपाई रोमी अक्षरांत झाली, आणि त्याचे कारण स्टीफन्सच्याच लेखणीतून मिळते. ५ डिसेंबर १६०८ च्या पत्रात तो संघाच्या वरिष्ठास कळवितो की, या देशीच्या भाषेत व लिपीत ग्रंथ छापावे अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे. पण येथील अक्षरे जोडाक्षरांसह सुमारे सहाशे असल्यामुळे तितके साचे पाडणे अशक्य वाटले. मलबारात तसे ग्रंथ निघाले आहेत, हेही तो दाखवून देतो. तेथे १५७८ सालीच तमिळ पुस्तक छापले गेले होते. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता; नव्हते ते देवनागरी खिळे. अखेर स्टीफन्सची इच्छा पुरी झाली नाही, व १६१९ साली तो गोव्यात निवर्तला.

ग्रंथ जगला तो लोकांच्या हातांनी. १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सरकारने देशभाषेचा वापर सोडण्यास तीन वर्षांची मुदत दिली. आणि जी गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस कानडा प्रांती गेली त्यांनी पुराणाच्या नकला जपल्या. त्या नकलांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे रोमी आवृत्ती काढली, व तीवरून शांताराम बंडेलू यांनी १९५६ त पुण्यास नागरी आवृत्ती दिली.

मध्यंतरी एक निराळीच पोथी पुढे आली होती. विल्यम मार्सडेनच्या संग्रहातून लंडनच्या प्राच्यविद्या विद्यालयात गेलेली देवनागरी प्रत जस्टिन ॲबट यांनी १९२३ साली अभ्यासकांपुढे ठेवली. तीत ग्रंथाचे भाग आदिपुराण व देवपुराण या नावांनी येतात, आणि रोमी नकलांत जेथे पोर्तुगीज-लॅटिन धर्मसंज्ञा जशाच्या तशा आहेत तेथे संस्कृत शब्द योजिलेले दिसतात. हेच स्टीफन्सचे मूळ, असे ॲबट यांचे मत पडले. १६०८ चे पत्र पाहता ते मोहक वाटते खरे.

तथापि आम्हांस ते मान्य होत नाही. नागरीत छापण्याची इच्छा असणे निराळे व अमुक शब्द वापरणे निराळे. स्टीफन्सच्या निधनानंतर १६२२ त छापलेली त्याची ख्रिस्ती प्रश्नोत्तरी उपलब्ध आहे, व १९४५ साली मारियानो सालढाणा यांनी तिची प्रतिकृतीही प्रसिद्ध केली. मुलांस धर्म शिकविण्याकरिता रचिलेल्या या पुस्तकात पोर्तुगीज संज्ञा निःशंक ठेविल्या आहेत. साष्टीच्या मुलांस जो शब्द शिकविला, तोच त्याच माणसाने पुराणात टाळला असावा, यास पुरावा हवा. तूर्त मार्सडेन प्रत ही एखाद्या व्युत्पन्न वाचकाने मागाहून केलेली शुद्धी आहे, असे धरणे आम्हांस अधिक सुरक्षित वाटते.

निर्णयाची एक कसोटी ओवीतच आहे. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात, चौथा मोकळा. परकी संज्ञा यमकस्थानी आली असेल व संस्कृत शब्द घालताच यमक विसकटत असेल, तर रोमी पाठ जुना. उलट घडत असेल तर ॲबट यांचा पक्ष बळावेल. एखाददुसऱ्या ओवीवरून हे ठरू नये; दोन्ही पुराणांतील अशी स्थळे एकत्र मांडली पाहिजेत.

याकरिता रोमी नकला जितक्या मिळतील तितक्या हव्या आहेत. ज्यांच्या संग्रही गोमंतक, कोकण वा मंगळूरकडील जुनी लॅटिन वळणाची बाडे असतील, त्यांनी ती पोर्तुगीज कागदपत्रे समजून बांधून ठेवू नयेत. वाचताना पोर्तुगीज रिवाजाप्रमाणे एक्स या अक्षराचा उच्चार श असा करावा. चार ओळींत ओवीचा ठेका आपोआप लागतो. बाड खंडित असले तरी चालेल. मात्र मुखपृष्ठ व परवानगीचे पान शाबूत असल्यास ते आधी पाहावे, कारण नक्कल १६१६, १६४९ वा १६५४ यांपैकी कोणत्या छापावरून उतरली, हे तेथेच कळण्याचा संभव आहे.